केक फुगतो कशाने आणि बसतो का: सोडा, बेकिंग पावडर, ईनो आणि यीस्ट यांविषयी

प्रश्न असा आहे: दह्याचा बिनअंड्याचा केक ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, टिनच्या काठापर्यंत फुगतो आणि बाहेर काढताच, कधी कधी आत असतानाच, मध्यभागी खचतो. अधिक फुगावा म्हणून सोडा वाढवला तर तो आणखी खचतो आणि साबणासारखी चव लागते. प्रमाण २०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, १ कप दही, १०० मिलिलिटर तेल, दीड चमचा बेकिंग पावडर, १ चमचा खाण्याचा सोडा आणि १ मोठा चमचा व्हिनेगर असे आहे. मिश्रण तयार झाल्यावर ओटीजी तापेपर्यंत ते पंधरा-वीस मिनिटे भांड्यातच थांबते. याच प्रश्नात पुढे विचारले आहे की सोडा, बेकिंग पावडर, ईनो आणि यीस्ट यांत नेमका फरक कोणता आणि एक हाताशी नसेल तर दुसरे का चालत नाही.

बेकरीत काम करताना आणि नंतर शिकवताना मला हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत विचारला गेला आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी विचारणाऱ्याचे सारे लक्ष ‘सोडा किती घालावा’ याकडे असते. प्रमाणाला महत्त्व आहेच. परंतु फुगलेला पदार्थ फुगलेलाच राहील की नाही हे वेळेवर ठरते. वायू कोणत्या क्षणी निघतो आणि त्या क्षणी त्याच्याभोवतीचे मिश्रण त्याला धरून ठेवण्याइतके घट्ट झालेले असते का, ही एक गोष्ट नीट समजली की वरील सर्व पदार्थांतील फरक आपोआप उलगडत जातो.

केक, पाव, ढोकळा किंवा इडली हलकी होते ती तीन गोष्टींमुळे: फेटताना किंवा मळताना अडकलेली हवा, मिश्रणातील पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. हवा तापल्यावर प्रसरण पावते, पण फार नाही. ३० अंश सेल्सिअसवरून ९५ अंशांपर्यंत जाताना तिचे आकारमान सुमारे एक पंचमांशाने वाढते. वाफेची ताकद प्रचंड आहे, कारण १ ग्रॅम पाण्यापासून १०० अंशांवर जवळजवळ १.७ लिटर वाफ होते. मात्र ती खऱ्या अर्थाने जोर धरते ती पदार्थ बराच तापल्यावर. कार्बन डायऑक्साइड या दोन्हींच्या मधली जागा भरून काढतो. १ ग्रॅम खाण्याच्या सोड्याचे आम्लाशी पूर्ण संयोजन झाले तर साध्या तापमानाला सुमारे २९० मिलिलिटर वायू मिळतो. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचाच हिशेब करायचा आहे.

आता एक गोष्ट, जी पाककृतींच्या पुस्तकांत क्वचितच सांगितलेली असते. सोडा किंवा यीस्ट मिश्रणात नवे बुडबुडे तयार करत नाही. जे. सी. बेकर आणि एम. डी. माइझ या संशोधकांनी पावाच्या पिठावर केलेले काम १९४१ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातून हे स्पष्ट झाले की पावातील प्रत्येक छिद्राची सुरुवात मळताना अडकलेल्या हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यापासून होते. यीस्टने तयार केलेला कार्बन डायऑक्साइड आधी पाण्यात विरघळतो आणि मग या हवेच्या बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठे करतो. हवेतील नायट्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून हे बुडबुडे टिकून राहतात. केकलाही हाच नियम लागू आहे. म्हणून फेटण्याचे काम नीट झाले नसेल तर मिश्रणात बुडबुडे थोडे आणि मोठे असतात. वायू त्यांतच गोळा होतो, ते फुगत फुगत वर येतात आणि फुटतात. केकला बारीक, एकसारखी जाळी हवी असेल तर ती सोड्याने येत नाही, फेटण्याने येते.

लोणी आणि साखर एकत्र फेटतात ते याचसाठी. साखरेचे कण लोण्यात हवा ओढून घेतात आणि घट्टसर लोणी ती धरून ठेवते. हे काम लोणी १८ ते २१ अंशांच्या आसपास असताना उत्तम होते. मे महिन्यातल्या मुंबईत किंवा नागपुरात स्वयंपाकघराचे तापमान ३४-३५ अंश असते, तेथे ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणा’ ही परदेशी पुस्तकातील सूचना पाळली तर ते वितळू लागते आणि वितळलेल्या लोण्यात हवा टिकत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात लोणी फ्रिजमधून काढून दहा-बारा मिनिटांत, बोट दाबल्यावर खळगा पडेल पण बोट तेलकट होणार नाही अशा अवस्थेत फेटायला घ्यावे. तेलाच्या केकमध्ये ही सोय मुळातच नसते आणि अंडी नसतील तर फेसाचा दुसरा आधारही जातो. तेव्हा दही आणि साखर चांगली फेटून घेणे, तेल त्यात धारेने घालून मिश्रण दुधाळ होईपर्यंत फेटणे आणि मैदा दोनदा चाळणे, हे बिनअंड्याच्या केकमध्ये ऐच्छिक राहत नाही. मैदा घातल्यानंतर मात्र फेटणे थांबवावे, कारण मग ग्लुटेन, म्हणजे मैद्यातील चिवट प्रथिनांचे जाळे, ताणले जाते आणि केकमध्ये उभी बोगदेवजा भोके पडतात.

बुडबुडे फुगतात तेव्हा त्यांच्या भिंती पातळ होत जातात. या भिंती कायमच्या घट्ट होतात त्या दोन कारणांनी: मैद्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो, आणि अंड्यातील व गव्हातील प्रथिने उष्णतेने गोठतात. नुसत्या पाण्यात गव्हाचा स्टार्च साधारण ५२ ते ६३ अंशांच्या दरम्यान फुगतो, पण केकमध्ये साखर भरपूर असते आणि साखर पाणी अडवून ठेवते, म्हणून ही क्रिया ८० ते ९० अंशांपर्यंत पुढे ढकलली जाते. केक ‘बसणे’ म्हणजे भिंती घट्ट होण्यापूर्वी बुडबुडे फुटणे, किंवा भिंती पुरेशा घट्ट न होताच केक बाहेर काढणे. साखर जितकी अधिक तितका हा घट्ट होण्याचा क्षण लांबतो. अंडी असतील तर त्यांची प्रथिने मदतीला येतात. बिनअंड्याच्या केकला ती मदत नसते, म्हणून त्यात साखर मैद्याच्या वजनाहून थोडी कमीच ठेवावी असे माझे ठाम मत आहे. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या सुमारे १,३०० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने बुडबुडे अधिक फुगतात आणि पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तेथे घाटाखालचे बेकिंग पावडरचे प्रमाण थोडे कमी करावे लागते, तेही याच कारणाने.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो दोन प्रकारे वायू देतो. दही, ताक, लिंबाचा रस, व्हिनेगर, गूळ किंवा मध यांतील आम्लाशी पाणी असताना गाठ पडली की तो लगेच फसफसतो आणि आपल्यातील सगळा कार्बन डायऑक्साइड सोडून देतो. आम्ल नसेल तर तो उष्णतेने विघटित होतो, ५० अंशांच्या पुढे हळूहळू आणि ८० अंशांच्या पुढे वेगाने. परंतु अशा वेळी वायू निम्माच मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरते. सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा. साबणासारखी जी चव लागते ती याची. केक पिवळट होणे, कवच लवकर आणि गडद तपकिरी होणे, तोंडात कोरडे-तुरट लागणे, ही सर्व उरलेल्या अल्कलीची, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाची, लक्षणे आहेत. (येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते: वाण्याकडून ‘सोडा’ सुटा घेताना तो खाण्याचाच आहे याची खात्री करून घ्यावी, धुण्याचा सोडा दिसायला तसाच पांढरा असतो.)

म्हणून सोडा किती घालावा हे पदार्थात आम्ल किती आहे यावर ठरते, आणि त्याचा हिशेब अवघड नाही. २४० मिलिलिटरच्या एका कपात भरेल इतक्या चांगल्या आंबट दह्यातील आम्ल सुमारे २ ग्रॅम सोडा निष्प्रभ करते. १ सपाट चमचा सोडा जवळजवळ ५ ग्रॅम भरतो, म्हणजे हे प्रमाण अर्ध्या चमच्याहूनही किंचित कमी झाले. दही ताजे आणि गोड असेल तर आणखी कमी. ४ टक्के आम्लाचा व्हिनेगर १५ मिलिलिटर, म्हणजे १ मोठा चमचा घेतला तर तो ०.८ ग्रॅमच्या आसपास सोडा मारतो. तितकाच लिंबाचा रस त्याहून थोडे अधिक, १ ग्रॅमच्या आसपास. अनेक पाककृतींत अर्धा चमचा सोडा आणि मोठा चमचाभर व्हिनेगर एवढेच दिलेले असते आणि लोक समजतात की फसफसले म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात त्या सोड्याचा तिसरा हिस्साच व्हिनेगरने वापरला जातो आणि उरलेला दह्याने किंवा कोकोने मारला नाही तर चवीत उतरतो.

सोड्याची अडचण प्रमाणाची आहे त्याहून अधिक घाईची आहे. आम्लाशी गाठ पडताच तो बहुतेक वायू देऊन मोकळा होतो, केक अजून थंड असताना. ही घाई कशी आवरावी याचाच शोध बेकिंग पावडरच्या इतिहासात दिसतो. बर्मिंगहॅम येथील औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट आणि अंडी दोन्ही सोसत नसत. कोरड्या स्थितीत सोडा आणि आम्ल एकमेकांशेजारी निवांत राहतात, पाणी लागल्यावरच काम सुरू करतात. अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये कॅल्शियमच्या आम्लधर्मी फॉस्फेटचे पेटंट घेतले, आणि द्राक्षमद्याच्या पिंपांतून मिळणाऱ्या क्रीम ऑफ टार्टर या महाग कोरड्या आम्लाला पर्याय मिळाला. पुढे अशी आम्ले सापडली की जी थंड पाण्यात जवळजवळ स्वस्थ राहतात आणि तापल्यावरच सोड्याशी भिडतात. आज ‘डबल अ‍ॅक्शन’ म्हणून जी पावडर मिळते तिच्यात बहुधा दोन्ही जातींची आम्ले असतात: एक मिसळतानाच थोडा वायू देऊन असलेले बुडबुडे जरा फुगवते आणि मिश्रण हलके करते, दुसरे ओव्हनमध्ये, भिंती घट्ट होऊ लागण्याच्या सुमारास, उरलेला वायू सोडते.

डब्यावरील घटकांची यादी वाचली तर आपली पावडर कोणत्या स्वभावाची आहे हे कळते. त्यात प्रत्येक घटकाचा आयएनएस, म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळण्याच्या द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक दिलेला असतो. आयएनएस ५००(ii) हा सोडा. ३४१(i) हे मोनोकॅल्शियम फॉस्फेट, जलद; त्याचा निम्म्याहून अधिक वायू मिश्रण करतानाच निघून जातो. ४५०(i) हे सोडियम अ‍ॅसिड पायरोफॉस्फेट, सावकाश. ओव्हनसाठी उत्तम, पण जास्त झाले तर जिभेवर एक रासायनिक चव मागे राहते. ५४१ हे सोडियम अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेट, तेही उष्णतेची वाट पाहणारे. ३३६ म्हणजे क्रीम ऑफ टार्टर, जे अगदी लगेच काम करते. याशिवाय पावडरीत मक्याचा स्टार्च असतो. तो ओलावा शोषून घेतो आणि सोडा व आम्ल यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. या सगळ्यामुळे बेकिंग पावडरमध्ये प्रत्यक्ष सोडा साधारण चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक, सुमारे २६ ते ३० टक्के असतो, आणि म्हणूनच वजनाला वजन घेतले तर सोडा पावडरीच्या तिप्पट-चौपट तीव्र ठरतो.

आता प्रश्नातील केकचा हिशेब करू. १ चमचा सोडा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. त्यातील २ ग्रॅम दही मारेल, ०.८ ग्रॅम व्हिनेगर मारेल, एकूण २.८ ग्रॅम. यातून ८०० मिलिलिटरहून अधिक वायू मिळतो, आणि तो मिश्रण भांड्यात असतानाच निघू लागतो. उरलेला २.२ ग्रॅम सोडा ओव्हनच्या उष्णतेने फुटून ३०० मिलिलिटरच्या आसपास वायू देतो आणि मागे धुण्याचा सोडा ठेवतो. साबणाची चव येते ती येथून. दीड चमचा बेकिंग पावडर, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, तिच्यातून आणखी जवळजवळ ५०० मिलिलिटर. एकूण वायू दीड लिटरहून अधिक झाला, आणि मूळ मिश्रण आहे जेमतेम पाऊण लिटर. मिश्रणाला दुप्पट होण्यासाठी साधारण त्याच्याएवढाच वायू पुरतो, तोही वाफ आणि हवेचे प्रसरण हिशेबात न घेता. अशा वेळी काही वायू उडून जातो हे खरे, पण जो उरतो तो भिंती ८०-८५ अंशांना पोहोचण्यापूर्वीच बुडबुड्यांना इतके ताणतो की ते एकमेकांत मिसळून फुटतात. कडा टिनच्या धातूला लागून असल्याने लवकर तापतात आणि घट्ट होतात. मध्यभाग शेवटी तापतो, म्हणून खचतो तोही तोच. सोडा वाढवल्यावर केक अधिक खचणे हे अपेक्षितच होते.

त्यातच मिश्रण पंधरा-वीस मिनिटे थांबवल्याने उलट्या बाजूनेही नुकसान होते. दही-व्हिनेगरने सुटलेला वायू हळूहळू वर येऊन निसटतो, बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि ओव्हनमध्ये जाते ते जाळी बिघडलेले मिश्रण.

माझा सल्ला असा आहे. ओटीजी आधी १७५ अंशांवर किमान पंधरा मिनिटे तापवावा, टिनला कागद लावून ठेवावा, आणि त्यानंतरच कोरडे व ओले जिन्नस एकत्र करावेत. सोडा २ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चमच्याहून थोडा कमी. बेकिंग पावडर ४ ग्रॅम, म्हणजे १ सपाट चमचा. व्हिनेगर पूर्णपणे वगळावा, कारण दह्यातील आम्ल सोड्याला पुरेसे आहे. साखर १६० ते १७० ग्रॅमवर आणावी. या प्रमाणात वायू सुमारे ९०० मिलिलिटर मिळेल; त्यातील सोड्याचा वाटा आरंभीच मिश्रण हलके करील आणि पावडरीतील सावकाश आम्लाचा वाटा योग्य वेळी येईल. सोडा मैद्यातच घालून दोनदा चाळावा. दह्यात आधी घालून फसफसवण्याची पद्धत दिसायला आकर्षक असली तरी तो वायू भांड्याबाहेर जातो. टिन ८ इंची गोल असावा आणि निम्म्यापर्यंतच भरावा, म्हणजे मध्यभाग फार मागे राहत नाही. पहिली पंचवीस मिनिटे दार उघडू नये, कारण थंड हवेने वायू आकसतो आणि भिंती अजून कच्च्या असतात. केक झाला की नाही हे सुरीने पाहावेच, पण स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभाग ९६ अंशांना पोहोचलेला पाहून मगच बाहेर काढावा. कुकरमध्ये किंवा वाळूच्या कढईत केक करणाऱ्यांना हेच लागू आहे. तेथे तर आधी तापवणे अधिकच गरजेचे, कारण खालून हळूहळू येणाऱ्या उष्णतेत वायू आधी आणि घट्टपणा नंतर असा क्रम होण्याचा धोका मोठा असतो.

केक चॉकलेटचा असेल तर कोकोचा प्रकार पाहावा. नैसर्गिक कोको आम्लधर्मी असतो आणि थोडा सोडा मारतो. अल्कलीने प्रक्रिया केलेला कोको रंगाने गडद आणि चवीने सौम्य असतो, पण तो सोड्याला आम्ल पुरवत नाही. डब्यावर आयएनएस ५०१(i) म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट असे दिसले तर तो प्रक्रिया केलेला समजावा आणि त्याच्यासाठी वेगळा सोडा वाढवू नये. चॉकलेटच्या केकमध्ये किंचित अल्कली उरली तर रंग खुलतो आणि कोकोची चव तिला झाकते. व्हॅनिलाच्या केकमध्ये तितकीच अल्कली लगेच जाणवते.

ईनोविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. साध्या ईनोमध्ये साधारण तीन भाग खाण्याचा सोडा आणि दोन भाग लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल असते. सोडा आणि आम्ल यांचा मेळ त्यात जवळजवळ बसलेला आहे, म्हणून योग्य प्रमाणात वापरल्यास साबणाची चव येत नाही. पण दोन्ही घटक पाण्यात तत्काळ विरघळतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत बहुतेक वायू सुटून जातो. ढोकळ्याला हे चालते, किंबहुना ढोकळ्यासाठीच ते योग्य आहे: वाफ आधीच जोरात आलेली असते, थर पातळ असतो, बेसनाचे पीठ वाफेत लवकर घट्ट होते, आणि ईनो घालून एकाच दिशेने हलकेच फिरवून ताट लगेच आत जाते. तोच ईनो पाऊण तास भाजायच्या केकमध्ये घातला तर केक तापेपर्यंत बराचसा वायू निघून गेलेला असतो. घाई करून टिन तापलेल्या ओव्हनमध्ये लगेच सरकवला तर केक होतो, पण जाळी मोठी राहते आणि दुसऱ्या दिवशी तो कोरडा लागतो.

ढोकळ्यात कधी कधी लाल ठिपके दिसतात. हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो, म्हणजे जिथे ठिपका आहे तिथे सोड्याचा कण आम्लाविना राहिला आहे. पिठात लिंबाचा रस किंवा ताक कमी पडले, किंवा सोडा नीट मिसळला नाही, हे त्यावरून अचूक कळते. केकमध्ये हळद नसल्याने ही खूण मिळत नाही, तेथे जिभेवरच भरवसा ठेवावा लागतो.

यीस्टची जात वेगळी. तो जिवंत जीव आहे, सॅकरोमायसीज सेरेव्हिसी नावाचा. तो साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल तयार करतो, आणि तेही तासन्‌तास, संथपणे. इतका वेळ वायू धरून ठेवायचा तर भिंत लवचिक हवी, आणि ती मळलेल्या मैद्याच्या ग्लुटेनची असते. केकच्या सैल मिश्रणात यीस्ट घालून काही साधत नाही, आणि पावात सोडा घातला तर तो पाव होत नाही. शिवाय आंबण्याच्या काळात जी चव आणि वास तयार होतो तो कोणत्याही पावडरीत नसतो. यीस्ट ३२ ते ३८ अंशांच्या दरम्यान सर्वाधिक वायू देतो आणि ५५ ते ६० अंशांत मरतो. पावाचे पीठ मात्र २६ ते २८ अंशांवर राखावे, कारण त्याहून गरम पिठात यीस्ट इतक्या वेगाने चालतो की चव तयार होण्याआधीच पीठ फुगून पुढे जाते. आपल्याकडे मैदाच ३२-३४ अंशांचा असतो, म्हणून उन्हाळ्यात पाणी बर्फाचे घ्यावे लागते. १०० भाग मैद्याला २ भाग मीठ आणि १ भाग इन्स्टंट यीस्ट हे साध्या लादी पावासाठी सुरक्षित प्रमाण आहे. १ भाग इन्स्टंटऐवजी सुमारे ३ भाग ताजा यीस्ट लागतो. गोड बनमध्ये साखर १० टक्क्यांच्या पुढे गेली की साधा यीस्ट मंदावतो, कारण साखर त्याच्या पेशीतील पाणी ओढून घेते. अशा पिठासाठी साखर सोसणारा वेगळा इन्स्टंट यीस्ट मिळतो, तो घ्यावा.

पाव ओव्हनमध्ये गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत जी शेवटची उसळी मारतो, तिच्यात यीस्टचा वाटा सर्वांत मोठा नसतो. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळू लागते, वाफ होऊ लागते, आणि हे सगळे मिळून पिठाला वर ढकलतात. पीठ आधीच पूर्ण ताणले गेले असेल तर याच धक्क्याने ते बसते. म्हणून पाव ओव्हनमध्ये घालण्याची वेळ पूर्ण फुगण्याच्या थोडी आधीची असते. बोट हलके टोचल्यावर खळगा सावकाश आणि अर्धाच भरून आला तर ती वेळ आली असे समजावे.

गोव्यातील पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पिठात यीस्टऐवजी माडाची सूर, म्हणजे माडी, घालत. सुरेत नैसर्गिक यीस्ट आणि जिवाणू दोन्ही असतात, म्हणून त्या पावाला आणि त्याच सुरेने आंबवलेल्या तांदळाच्या सान्नांना एक गोडसर-आंबट वास असतो. आज बहुतेक ठिकाणी बाजारातील यीस्टच वापरला जातो, आणि ज्यांनी सुरेची सान्ना खाल्ली आहे त्यांना तो फरक लगेच कळतो. इडलीचे पीठ मात्र मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडिस या जिवाणूमुळे फुगते, जो आम्ल आणि वायू दोन्ही देतो. उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो.

बेकरीत आणखी एक पदार्थ वापरतात, त्याला नुसते ‘अमोनिया’ म्हणतात. तो अमोनियम बायकार्बोनेट, आयएनएस ५०३(ii). तापल्यावर त्याचे अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असे तीन वायू होतात आणि मागे काहीच उरत नाही. पातळ, कोरड्या बिस्किटांना तो कुरकुरीतपणा देतो. केकमध्ये तो कधीही घालू नये, कारण ओलसर पदार्थात अमोनिया अडकून राहतो आणि त्याचा वास जात नाही. खारी मात्र कोणत्याही पावडरीशिवाय, केवळ पिठाच्या आणि चरबीच्या आलटूनपालटून थरांमध्ये सुटणाऱ्या वाफेवर फुगते. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा सुटतो तोही निव्वळ वाफेनेच.

एकाऐवजी दुसरे वापरायचे तर वजनाने वापरावे. बेकिंग पावडर नसेल आणि सोडा असेल, तर १ ग्रॅम सोड्याला सव्वादोन ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर किंवा पाऊण ग्रॅम लिंबूसत्व घ्यावे; हे मिश्रण ३ ते ४ ग्रॅम बेकिंग पावडरचे काम करील, परंतु त्यात सावकाश आम्ल नसल्याने मिश्रण लगेच ओव्हनमध्ये गेले पाहिजे. उलट, सोडा नसताना नुसती बेकिंग पावडर दह्याच्या केकमध्ये तिप्पट-चौपट घातली तर केक फुगेल, पण दह्याचे आम्ल तसेच राहील, केक आंबटसर लागेल आणि कवचाला रंग कमी येईल. कधी कधी हा आंबटपणा हवाही असतो. यीस्टला मात्र पर्याय नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बेकिंग पावडर लवकर मरते. डबा उघडा राहिला की हवेतील ओलावा आत शिरतो, सोडा आणि आम्ल डब्यातच एकमेकांशी संयोजित होतात, आणि पावडर दिसायला तशीच राहूनही तिच्यात वायू उरत नाही. लहान डबा घ्यावा, ओला चमचा घालू नये, आणि फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण तेथून काढल्यावर डब्यात बाष्प धरते. शंका असेल तर अर्धा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाकावी. ती जोरात आणि काही सेकंद सतत फसफसली पाहिजे. सोड्याची परीक्षा गरम पाण्याऐवजी लिंबाच्या रसाने करावी. यीस्टसाठी कोमट, ३५ ते ३८ अंशांच्या पाण्यात चिमूटभर साखर घालून तो दहा मिनिटे ठेवावा. वर फेस आला नाही तर तो यीस्ट पिठात घालू नये.